डायलिसिसच्या पेशंटच्या हातात कुठली नळी बसवली ते त्याला लिहून द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात अधूनमधून कुठल्या ना कुठल्या तालुक्यात नवीन डायलिसिस सेंटर सुरू झाल्याची बातमी असते. फोटोत रिबीन, मशीन, आमदार, डॉक्टर सगळे असतात, आणि ती बातमी वाचून मला मनापासून आनंद होतो, कारण मी या लाईनमध्ये डायलिसिस टेक्निशियन म्हणून बरीच वर्षं काढलीत आणि अक्कलकोट-मंगळवेढ्याकडची माणसं पहाटेची एसटी धरून सोलापूरला यायची आणि रात्री अर्धमेली होऊन परत जायची ते दिवस बघितलेत. आता मशीन जवळ आली, योजनेत पैसे लागत नाहीत, चांगलंच झालं. पण मशीन कितीही भारी असली तरी माणसाचं रक्त बाहेर काढायचं आणि साफ करून परत आत सोडायचं ते कुठून, त्या वाटेबद्दल कधीच काही छापून येत नाही, आणि पेशंटचा जीव तर तिथेच अडकलेला असतो. म्हणून हे पत्र लिहितोय. लांबलंय, कापायचं असेल तर कापा, पण पेशंटला बसवलेल्या नळीची माहिती त्याच्या कार्डावर लिहून द्यावी हा मुद्दा कृपया ठेवा.

ज्यांच्या घरात डायलिसिस नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मशीनला मिनिटाला साधारण अडीचशे-तीनशे मिली रक्त लागतं, आणि हाताची साधी शीर, जिच्यातून आपण सलाईन लावतो, ती एवढं रक्त देऊच शकत नाही. म्हणून हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. हे ऑपरेशन १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या डॉक्टरांनी जगापुढे मांडलं आणि आजही त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही, कारण त्यात परकी वस्तूच नसते, सगळं आपलंच. पण शुगरचे पेशंट, वय झालेले, बारीक शिरांच्या बायका, किंवा वर्षानुवर्षं हाताला सुया टोचून टोचून शिरा कडक झालेले पेशंट, यांचा फिस्टुला बनत नाही किंवा बनला तरी फुगत नाही. मग एक तर मानेतला कॅथेटर, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली बारीक नळी, ठेवायचा, ज्याच्यात इन्फेक्शनची भीती सगळ्यात जास्त, नाही तर हातात कृत्रिम नळी घालून धमनी आणि शीर त्या नळीने जोडायची. तिला आम्ही ग्राफ्ट म्हणतो, आणि माझं सगळं म्हणणं या नळीबद्दल आहे.

नळी बहुतेक वेळा सहा मिलिमीटरची असते, पांढरी, मऊ, हातात घेतली तर वजनच लागत नाही. नळाच्या आट्यांवर प्लंबर जी पांढरी टेप गुंडाळतो ना, तिच्याच जातीच्या प्लास्टिकला ताणून ही बनवतात, ताणताना तिच्यात बारीक छिद्रं पडतात. रक्त तिला सहज चिकटत नाही म्हणून ती चालते. त्याआधी पोटातल्या मोठ्या धमनीसाठी कापडाच्या नळ्या आल्या होत्या. १९५२ साली न्यूयॉर्कच्या व्होरहीस नावाच्या डॉक्टरांनी विन्यॉन नावाच्या कापडाची नळी जनावरात बसवून दाखवली, आणि पुढे ह्यूस्टनच्या डॉ. डीबेकींनी घरातल्या शिलाई मशीनवर डेक्रॉनची, म्हणजे पॉलिस्टर कापडाची, नळी शिवली. नायलॉनच्याही नळ्या त्या काळात बसवल्या गेल्या, पण ते कापड शरीरात काही काळाने कमजोर पडतं हे लक्षात आलं आणि नायलॉन मागे पडलं, डेक्रॉन राहिलं. आता हे लक्षात आलं कसं? बसवलेल्या नळ्यांचं पुढे काय होतंय ते कोणीतरी बघत राहिलं म्हणून. माझ्या म्हणण्याचा गाभा एवढाच आहे की आपल्याकडे बसवल्यानंतर कोणी बघत नाही, आणि बघायचं ठरवलं तरी बघता येईल असा कागद पेशंटकडे नसतो.

ग्राफ्ट बिघडतो कसा ते सांगतो, म्हणजे मी एवढा हट्ट का धरतोय ते कळेल. नळी जिथे शिरेला शिवलेली असते तिथे धमनीच्या जोराचं रक्त मऊ शिरेवर येऊन आदळतं, नळी ताठ आणि शीर लवचिक, दोघींचं जमत नाही, मग त्या जोडावर शिरेच्या आतला थर जाड व्हायला लागतो आणि वाट अरुंद होत जाते. बाहेरून काही दिसत नाही. पेशंट म्हणतो हात बरा आहे. आणि एक दिवस बीपी खाली गेलं किंवा हात दाबून झोपला की सकाळी ग्राफ्ट बंद, रक्त गोठलेलं. हे क्वचित होतं असं कोणी समजू नये. अमेरिकेत ६४९ ग्राफ्टवाल्या पेशंटवर एक मोठी चाचणी झाली, २००९ साली ती छापून आली, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा उपयोग होतो का ते त्यांना बघायचं होतं. वर्षभरात एकदाही दुरुस्ती न करता चालू राहिलेले ग्राफ्ट गोळी न घेणाऱ्यांमध्ये २३ टक्के निघाले आणि गोळी घेणाऱ्यांमध्ये २८ टक्के. म्हणजे चांगल्यात चांगल्या देखरेखीतसुद्धा चारातल्या तीन ग्राफ्टना वर्षाच्या आत काही ना काही करावं लागतं, फुगा घालून वाट मोठी करा, गुठळी काढा, नाही तर नवीन बसवा. मग आपल्याकडे, जिथे पेशंट एका हॉस्पिटलात ऑपरेशन करतो, दुसरीकडे डायलिसिस घेतो आणि बंद पडला की तिसरीकडे पळतो, तिथे काय होत असेल ते सांगायला नको.

आता कार्डाचा मुद्दा. आमच्याकडे मध्यंतरी मंगळवेढ्याकडच्या एक मावशी आल्या, ऑपरेशन दुसऱ्या जिल्ह्यात झालेलं, डाव्या हातात कोपराच्या खाली यू आकाराचा ग्राफ्ट. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ, डाव्या हाताला एव्ही ग्राफ्ट केला, बस्स. कंपनी नाही, साईज नाही, तारीखसुद्धा खाडाखोड केलेली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रक्त कुठल्या बाजूने येतं आणि कुठल्या बाजूने जातं ते नाही. यू आकाराच्या ग्राफ्टमध्ये ते वरून कळत नाही, काही सर्जन आतल्या बाजूने धमनी घेतात काही बाहेरच्या. चुकीच्या बाजूला सुया टाकल्या तर मशीनमधून साफ होऊन गेलेलं रक्तच परत मशीनमध्ये येत राहतं, चार तास पेशंट खुर्चीत बसतो, मशीनवर सगळे आकडे ठीक दिसतात, आणि अंगातली घाण मात्र तशीच. आम्ही काय करतो, ग्राफ्टच्या मधोमध बोटाने दाबून ठेवतो आणि दोन्ही बाजूंना हात लावून बघतो, जिकडे ठोका लागत राहतो ती धमनीची बाजू, जिकडची थरथर थांबते ती शिरेची. मावशींचं तसं बघितलं तर बाजू उलटी निघाली, आधीच्या सेंटरमध्ये त्यांना किती महिने उलट्या सुया टाकत होते देव जाणे, पायाची सूज आणि अंगाची खाज कमीच होत नव्हती त्याचं कारण तेच असणार असं आमच्या डॉक्टरांचंही मत पडलं. सर्जनने कार्डाच्या मागे पेनाने दोन रेघा ओढून एक बाण काढला असता तर हे झालंच नसतं.

आणि यात खर्च काहीच नाही हो. ग्राफ्टच्या खोक्यात कंपनीच स्टिकर देते, सोलून चिकटवायचे, एकापेक्षा जास्त देते, त्यावर कंपनीचं नाव, मॉडेल, लॉट नंबर (एकाच खेपेत बनलेल्या मालाचा नंबर), साईज, एक्सपायरी सगळं छापलेलं असतं. एक ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, रजिस्टरला लागतो, एक बिलाला लागतो, आणि उरलेला खोक्याबरोबर कचऱ्यात जातो. तोच पेशंटच्या कार्डावर लावायचा, दहा सेकंदांचं काम.

स्टिकर लावायला टाळाटाळ का होते, त्याचं एक कारण मी डोळ्यांनी बघितलंय आणि ते लिहिताना मला अजून त्रास होतो. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, आता तिथे कोण आहे मला माहीत नाही. ग्राफ्ट लांबीला जास्त असतो, पेशंटला लागतो तेवढा कापून बसवतात, आणि उरलेला तुकडा तिथे फेकून न देता पाकिटात घालून परत गॅसने निर्जंतुक करून कपाटात ठेवलेला होता, पाकिटावर नुसतं मार्करने लिहिलेलं, सहा एमएम, तारीख. पुढच्या गरीब पेशंटला तो स्वस्तात मिळणार म्हणून. हेतू वाईट नसेलही, पेशंटकडे खरंच पैसे नसतात, पण अशा पेशंटला स्टिकर कुठून देणार? आणि तो तुकडा पहिल्यासारखाच राहिला याची खात्री कोण देणार? ज्या डेक्रॉनच्या नळ्यांना जिलेटिन किंवा कोलॅजनचा लेप असतो त्यांचा तर लेपच परत निर्जंतुक करताना खराब होतो, कंपनी तसं साफ लिहून देते. पेशंटला कार्डावर स्टिकर मिळणं सक्तीचं केलं ना, तर हा उद्योग आपोआप बंद होईल, वेगळी धाड घालायला नको.

कोणी म्हणेल एका स्टिकरने काय होणार आहे. मी दोन गोष्टी सांगतो, दोन्ही जगजाहीर आहेत. पोटातली मोठी धमनी फुगते तेव्हा जांघेतून नळी सरकवून आत ग्राफ्ट बसवतात, अमेरिकेत अँक्युअर नावाचा असा ग्राफ्ट १९९९ साली बाजारात आला. बसवताना त्याचं यंत्र आतच अडकायचं. कंपनीच्या माणसांना ते माहीत होतं पण सरकारला कळवलं गेलं ते थोडंसंच, २६२८ घटना कळवल्याच नव्हत्या आणि त्यात १२ मृत्यू होते. बाहेर कसं आलं, तर कंपनीतल्याच सात कर्मचाऱ्यांनी नाव न घालता एफडीएला, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणांच्या सरकारी खात्याला, पत्र लिहिलं म्हणून. २००३ मध्ये अँक्युअर बनवणाऱ्या, गायडंट नावाच्या कंपनीच्या उपकंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि ९ कोटी २४ लाख डॉलर भरले. म्हणजे जिथे कायदा इतका कडक तिथेही हे होऊ शकतं, मग निदान कुठली वस्तू बसवली याचा कागद तरी पेशंटच्या हातात हवा.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. जॉन्सन अँड जॉन्सनच्या कंपनीचा एएसआर नावाचा खुब्याचा सांधा, २०१० मध्ये त्यांनी जगभरातून परत मागवला. आपल्या महाराष्ट्राच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, ते प्रकरण लावून धरलं म्हणून देशाला कळलं. भारतात साधारण ४७०० ऑपरेशनं झाली होती, आणि केंद्राच्या समितीने शोध घेतला तेव्हा त्यातल्या जवळपास ३६०० पेशंटचा पत्ताच लागला नाही. कोणाला बसवलाय हेच माहीत नाही, मग नुकसानभरपाई देणार कोणाला, आणि तपासायला बोलावणार कोणाला? तो सांधा बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांत बसवलेला असणार. तिथे ही गत तर ग्राफ्टचा पेशंट, जो बहुतेक योजनेतून आलेला असतो, ज्याचा मोबाईल नंबर दर दिवाळीला बदलतो, त्याच्या नळीचा एखादा लॉट उद्या खराब निघाला तर आपण त्याला शोधणार कसे हा प्रश्न मला झोपू देत नाही. स्वीडनसारख्या देशात रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनची नोंद १९८७ पासून ठेवायला लागले, पुढे ती देशभराची झाली, कोणतं ऑपरेशन किती टिकलं ते त्यांना आकड्यात सांगता येतं. आपल्याकडे सोलापुरात गेल्या वर्षी किती ग्राफ्ट बसले हे मी कितीही जणांना विचारलं तरी कोणाला सांगता येत नाही, मग टिकले किती ते सोडाच.

नियम नाहीत असं नाही. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ साली आले, २०१८ पासून लागू झाले, ग्राफ्टसारख्या वस्तू त्यात जास्त धोक्याच्या वर्गात येतात आणि त्यांचं लायसन्स दिल्लीहून मिळतं. त्याच नियमांत प्रत्येक उपकरणावर स्वतंत्र ओळख क्रमांक हवा असं कलम आहे, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू व्हायचं होतं, पण ती तारीख पुढे ढकलली गेली. का ढकलली, उद्योगाची तयारी नव्हती वगैरे कारणं असतील, पण पेशंटच्या बाजूने कोणी तेव्हा बोललं का हे मला जाणून घ्यायचंय. आणि हार्टच्या स्टेंटचं बघा, २०१७ च्या फेब्रुवारीत स्टेंटच्या किमती बांधल्या तेव्हाच त्या ऑर्डरमध्ये लिहिलं की बिलावर स्टेंटची किंमत वेगळी दाखवा, ब्रँड, कंपनी आणि बॅच नंबर पण लिहा. झालं की नाही? हॉस्पिटलं लिहायला लागली. मग ग्राफ्टला का नको, तोही रक्तवाहिनीतच बसतो आणि त्याच्यावर आठवड्यातून दोन-तीनदा सुया पडतात, स्टेंटवर तर तेही होत नाही.

तक्रार करायचीही सोय आहे, पण ती कोणाला माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं. २०१५ पासून केंद्राचा मटेरिओव्हिजिलन्स, म्हणजे वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवण्याचा, कार्यक्रम चालू आहे, गाझियाबादच्या फार्माकोपिया कमिशनमधून चालतो, उपकरणामुळे पेशंटला काही झालं तर डॉक्टर, नर्स, टेक्निशियन, अगदी पेशंटसुद्धा कळवू शकतो, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. आमच्या लाईनमधल्या किती जणांना हा नंबर माहीत आहे असं मी विचारत असतो तेव्हा बहुतेक जण माहीत नाही म्हणून मान हलवतात. आणि कळवायचं म्हटलं तर फॉर्मवर काय विचारतात? उपकरणाचं नाव, कंपनी, लॉट नंबर. इथे गाडी अडते, परत त्याच स्टिकरवर येऊन थांबतो आपण.

सगळा दोष कंपनीवर आणि सरकारवर ढकलून आमच्या लोकांना मोकळं सोडणार नाही. ग्राफ्ट खराब होण्यात डायलिसिस सेंटरचा हात मोठा असतो. फिस्टुलाला सुईचं भोक पडलं तर ते कालांतराने भरून येतं कारण ती जिवंत शीर आहे, ग्राफ्टचं प्लास्टिक भरून येत नाही, आजूबाजूचं मांस येऊन त्या भोकाला झाकतं एवढंच. म्हणून सुई दर वेळी जागा बदलून, शिडीच्या पायऱ्या चढल्यासारखी थोडी पुढे पुढे टाकत जायची असते. पण सकाळच्या शिफ्टला दहा पेशंट, टेक्निशियन दोन, बाहेर दुसरी शिफ्ट ताटकळत, अशा वेळी हात आपोआप सवयीच्या मऊ जागेवर जातो, पेशंटही म्हणतो तिथेच टाका तिथे दुखत नाही. सहा महिन्यांत त्या जागेवर नळीची चाळण होते, फुगा येतो, वरची कातडी पातळ आणि चकचकीत होते, आणि ती फुटली तर मिनिटांत माणूस जाऊ शकतो. सुया टाकायच्या आधी पेशंटचा हात साबणाने धुवायचा असतो, आमचा पण, आणि मग स्पिरिट-बीटाडीन सुकेपर्यंत थांबायचं असतं. सेंटरच्या उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांनी एकदा विचारावं की पेशंटला हात धुवायला बेसिन कुठे आहे आणि एका टेक्निशियनच्या वाट्याला किती मशीन आहेत. या दोन प्रश्नांत ग्राफ्टची निम्मी सेफ्टी आली. स्टाफ वाढवा म्हटलं की टेंडरच्या रेटमध्ये बसत नाही असं उत्तर मिळतं, मग रेट ठरवतानाच ते धरायला हवं ना.

पेशंट आणि घरच्यांसाठीही लिहितो, छापून आलं तर कोणीतरी कापून जपून ठेवेल. ग्राफ्टच्या हाताला रोज सकाळी उठल्याउठल्या बोट लावून थरथर लागते का बघा, नाही लागली तर डायलिसिसच्या वाराची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा, लवकर गेलात तर गुठळी काढून तोच ग्राफ्ट वाचवता येण्याची शक्यता जास्त असते. त्या हाताला बीपी नाही, रक्त तपासणी नाही, सलाईन नाही, कोणी कितीही घाईत असलं तरी हात मागे घ्या. घट्ट बांगड्या, घड्याळ, पाण्याची कळशी, उशाला हात घेऊन झोपणं हे बंद. सुई काढल्यावर दाबून धरूनही पंधरा-वीस मिनिटं रक्त थांबत नाही असं दोन-तीनदा झालं, किंवा मशीनवर शिरेकडचं प्रेशर दर वेळी वाढत चाललंय असं टेक्निशियन म्हणाला, तर पुढे कुठेतरी वाट अरुंद झाली आहे असं समजून सोनोग्राफी करून घ्या. बोटं गार पडणं, दुखणं, हात सुजणं, लाली, पू, थंडी वाजून ताप, यातलं काहीही अंगावर काढू नका. आणि घरी अचानक रक्त उडायला लागलं तर टॉवेल गुंडाळत बसू नका, जिथून येतंय बरोबर तिथेच बोटाने घट्ट दाबा, हात वर करा आणि १०८ ला फोन लावा.

नवीन संशोधनाबद्दलही लोक विचारतात, मोबाईलवर व्हिडिओ येतात की आता लॅबमध्ये शीर उगवतात. खरं आहे ते. अमेरिकेत ह्युमासाईट नावाची कंपनी माणसाच्या पेशी एका विरघळणाऱ्या जाळीवर वाढवते, नळी तयार झाली की पेशी धुऊन टाकते आणि उरलेला सांगाडा कोणालाही बसवता येतो, पुढे पेशंटच्या स्वतःच्या पेशी त्यात येऊन राहतात. २०१६ साली अमेरिका आणि पोलंडमधल्या ६० डायलिसिस पेशंटवरचे निकाल छापून आले, युक्रेनच्या लढाईतल्या जखमींनाही ती बसवली गेली, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये हातापायाच्या जखमी धमनीसाठी तिथल्या एफडीएने परवानगी दिली. पण डायलिसिससाठी नाही, आणि परवानगी देतानाही नळी निकामी होण्याच्या धोक्याचा ठळक इशारा तिच्या माहितीपत्रकावर आहेच. आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने स्वस्त हार्ट व्हॉल्व्ह बनवून दाखवला, १९९० पासून तो बसवतात, कृत्रिम रक्तवाहिनीवरही तिथे काम झालंय, अशा संस्थांना पैसा मिळायला हवा असं माझं ठाम मत आहे. पण मंगळवेढ्याच्या मावशींच्या हातात उगवलेली शीर यायला अजून किती वर्षं जातील सांगता येत नाही, आणि ती आली तरी कोणाला कुठली बसवली हे लिहून ठेवावंच लागेल.

एक गोष्ट मात्र आजच करता येते, ती म्हणजे ग्राफ्टची वेळच कमी जणांवर येऊ देणं. क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात साठणारा घटक) वाढायला लागलेल्या पेशंटच्या डाव्या हाताच्या शिरा जपा, ॲडमिट असताना सलाईन तळहाताच्या मागे लावा, मनगटाच्या वरच्या शिरा राखून ठेवा, आणि डायलिसिस लागणार हे दिसलं की काही महिने आधीच फिस्टुला करून घ्या. इथे मात्र पेशंट आणि नातेवाईक उशीर करतात, ऑपरेशन केलं म्हणजे डायलिसिस पक्कं झालं असं त्यांना वाटतं, मग कोणीतरी सांगितलेला झाडपाला करण्यात वर्ष जातं आणि शेवटी रात्री दम लागून इमर्जन्सीत मानेतला कॅथेटर टाकून येतात.

तर माझी मागणी अशी आहे. महात्मा फुले योजनेत किंवा आयुष्मानमध्ये ग्राफ्टचा क्लेम पास करताना पेशंटला दिलेल्या कार्डाचा फोटो मागा, कार्डावर कंपनीचा स्टिकर, ऑपरेशनची तारीख, सर्जनचं नाव, पहिली सुई कधी टाकायची ती तारीख आणि रक्ताच्या दिशेचा बाण एवढं असलं पाहिजे, नसेल तर क्लेम थांबवा. साध्या ग्राफ्टला सूज उतरेपर्यंत दोन-तीन आठवडे सुई लावायची नसते, काही नव्या ग्राफ्टना एक-दोन दिवसांत चालते, कुठला कोणाला बसवलाय हे कार्डाशिवाय आम्ही ओळखायचं कसं? जिल्हा शल्यचिकित्सकांनी आपल्या जिल्ह्यातल्या ग्राफ्टची साधी एक्सेल शीट ठेवायला सुरुवात करावी, केव्हा बसला, केव्हा बंद पडला, इन्फेक्शन झालं का, दिल्लीच्या ऑर्डरची वाट बघायची गरज नाही. आणि प्रत्येक डायलिसिस सेंटरच्या भिंतीवर, जिथे उद्घाटनाची पाटी लावतात तिच्या शेजारी, तो १८००-१८०-३०२४ नंबर मराठीत मोठ्या अक्षरात लिहावा.

आपण हा नंबर पेपरातही चौकटीत छापलात तर फार उपकार होतील. आणि ज्यांच्या घरात ग्राफ्टचा पेशंट आहे त्यांनी ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलात जाऊन ओटी रजिस्टरमधल्या स्टिकरची झेरॉक्स मागावी. आपल्या कागदपत्रांची प्रत मागणं हा पेशंटचा हक्क आहे, लाजायचं कारण नाही. साधा अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या.

कळावे,
एक डायलिसिस टेक्निशियन, सोलापूर
(नोकरीत आहे, नाव छापू नये ही विनंती)